मधल्या वर्तुळाचा धसका

लुआन्श्या या आमच्या खाणीच्या गावात काबासोला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. खाणीच्या क्लबचा मिडफिल्डर, आठ नंबरची जर्सी. बाजारात सुकी मासळी मापून देणाऱ्या बायकासुद्धा एकीकडे त्याच्या पासचं कौतुक करायच्या आणि दुसरीकडे मापात मारायच्या. पण त्या बायकांना ठाऊक होतं आणि शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं की हा गडी मैदानाच्या मधल्या वर्तुळात पाऊल टाकत नाही. आता तुम्हीच सांगा, मिडफिल्डरने मधल्या वर्तुळात जायचं नाही म्हणजे आचाऱ्याने चुलीपाशी जायचं नाही! पण काबासो त्या पांढऱ्या रेषेच्या कडेकडेनेच पळायचा. चेंडू आत घुटमळला तर दुसऱ्याला ओरडून सांगायचा, "घे, घे, तुझा आहे!"

लोक हसायचे, पण फार नाही. कारण त्याच वर्तुळात त्याचा मामा मेला होता.

मामाचं नाव चिशिंबा. तोही मिडफिल्डर, तोही आठ नंबर, वय एकोणतीस. समोर पलीकडच्या खाणीचा संघ, म्हणजे वर्षभराची खुन्नस. हाफ टाईम झाला, शिट्टी वाजली, चिशिंबा चेंडूवर पाय ठेवून मधोमध उभा राहिला. मग गुडघ्यावर हात टेकले. मग खाली बसला. मग आडवा झाला, जणू दुपारची झोप आली. त्याला उचलला तेव्हा जीव नव्हता. दुसऱ्या दिवशी क्लबच्या म्हाताऱ्यांनी वर्तुळ खणलं, तर वीतभर खाली लाल फडक्यात गुंडाळलेलं एक कुलूप निघालं. लावलेलं. किल्ली नाही. झालं! कोणी पुरलं, कधी पुरलं, कुठल्या मांत्रिकाकडून आणलं, यावर महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. चिशिंबाचा श्वास त्या कुलपात अडकवला, हे मात्र सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलं.

काबासो तेव्हा आठ वर्षांचा होता. आमच्याकडे माणूस मेला की त्याचं नाव वाऱ्यावर सोडत नाहीत. ते बहिणीच्या पोराला घ्यावं लागतं. काबासोला चटईवर बसवलं, पाण्याची वाटी तोंडाला लावली, मनगटावर पांढरा मणी बांधला आणि थोरल्यांनी सांगितलं, "आजपासून तू चिशिंबा." त्या दिवसापासून त्याची सख्खी आई त्याला दादा म्हणायला लागली. थाळी पुढे ठेवताना गुडघे टेकायची. विधवा मामी तर दारातूनच हाका मारायची, "या या, नवरोबा! किती वाळलात! बहीण जेवायला घालत नाही वाटतं?" सगळा ओटा खिदळायचा. पोरगं मात्र हसायचं नाही. त्याच्या डोक्यात सरळ हिशोब बसला होता: मी जर चिशिंबा, तर चिशिंबा जिथे मेला तिथेच मी मरणार. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? थोरल्यांनी समजूत घातली असती आणि मणी अजून घट्ट बांधला असता.

तरी तो फुटबॉलच खेळला. खाणीच्या वस्तीतलं पोर दुसरं काय खेळणार! आणि खेळला तोही असा की बघत राहावं. चेंडू पायाशी आला की निखारा पडल्यासारखा पुढच्या क्षणी दुसऱ्याकडे. कधी थांबवायचा नाही, कधी मिरवायचा नाही. कोच म्हणायचे, काय डोकं आहे! रेडिओवरचा माणूस ओरडायचा, "काबासो, एका स्पर्शाचा राजा!" राजा कसला डोंबलाचा. चेंडू जास्त वेळ पायाशी राहिला तर माणूस त्याच्यामागे वाहवत मध्ये जातो, एवढंच त्याला कळत होतं. भीतीनेच त्याचा खेळ घडवला आणि त्या खेळाने त्याचं पोट भरलं.

तेविसाव्या वर्षी त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या एका क्लबने बोलावलं. रँडमध्ये पगार, अंगावर नवे कपडे, राहायला खोली. करारावर सही करण्याआधी तिथल्या डॉक्टरने तपासलं. छातीवर नळी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"जरा आवाज येतोय," डॉक्टर म्हणाला. "खेळाडूंचं हृदय मोठं असतं, त्याचाही असेल. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? हृदयाने?"

काबासोने विचार केला. मामा गेला होता, पण तो कुलपाने. तो काय आजार होता? आणि या परक्या माणसाला कुलूप सांगितलं तर तो तोंडावर हसेल, वर करारही जाईल.

"नाही डॉक्टर," तो म्हणाला. "आमची माणसं ऐंशी पार करतात. माझी आजी अजून मका कांडते."

डॉक्टर हसला आणि त्याने तपासणीच्या कागदावर सही केली. काबासो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं, त्याच्या समजुतीप्रमाणे खरं उत्तर त्याने दिलं. पण आगीशी खेळ झालाच.

चार हंगाम तो तिकडे खेळला. तिथल्या वर्तुळातही तो पाय ठेवायचा नाही. कुलूप सरहद्द ओलांडून येणार नाही कशावरून? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. मग तिकडच्या क्लबला नवीन पोरं मिळाली आणि काबासो बायको म्वेन्या आणि लहानगी लुकोंडे यांना घेऊन लुआन्श्याला परत आला. खाणीच्या क्लबने त्याला डोक्यावर घेतलं. जर्सी तीच दिली, आठ नंबर.

आणि तिथे त्याला पुन्हा मुबांगा भेटला.

मुबांगा म्हणजे क्लबचा मालीशवाला. पन्नाशी उलटलेला, पुढचा दात पडलेला, तोंड गटारासारखं. एकेकाळी चिशिंबाच्या बरोबर डाव्या बाजूला खेळलेला. तो शेळीच्या कुळातला, काबासो बिबळ्याच्या. बिबळ्या शेळी खातो, म्हणून या दोन कुळांत थट्टेचं नातं. दोघांनी एकमेकांना भेटेल तिथे शिव्या घालायच्या, टोपी पळवायची, ताटातलं मटण उचलायचं, आणि कोणी रागवायचं नाही. रागावला तो हरला. बिबळ्याच्या घरात कोणी मेलं तर शेळीवाल्यांनी येऊन खड्डा खणायचा आणि मढ्यालाही टोमणे मारायचे, म्हणजे रडणाऱ्यांना हसू फुटतं. चिशिंबाला मुबांगानेच धुतला, मुबांगानेच पुरला. कबरीच्या काठावर उभा राहून ओरडला होता, "आळशा, दुसरा हाफ खेळायचा कंटाळा आला म्हणून मेलास होय!" चिशिंबाची बहीण, म्हणजे काबासोची आई, हसता हसता जमिनीवर लोळली होती.

"अरे मांजरा!" काबासो मालीशच्या बाकावर पालथा पडला की मुबांगाचं सुरू व्हायचं. "हे पाय आहेत की मक्याच्या नशीम्याचे गोळे? तुझा मामाही असाच. दिसायला बिबळ्या, आतून पोकळ."

"ए बोकडा, दाबतोस की खाजवतोस?"

"तुझ्या मामासाठी कुलूप पुरायची काय गरज होती रे? नुसता जिना दाखवला असता तरी मेला असता. अंघोळीच्या खोलीत दोनदा पडला होता. मी उचलला, मी! साबणासकट!"

पोरं फिदीफिदी हसायची. काबासोही हसायचा. शेळीवाल्याने बिबळ्याला टोमणा मारला, त्यात नवल ते काय? काबासोचा बाप मेंढरासारखा ओरडायचा असं मुबांगा म्हणाला असता तरी तो तसाच हसला असता. थट्टेच्या माणसाचं कोणी मनावर घेत नाही. नात्याचा नियमच तो. आता मागे वळून बघताना अंगावर काटा येतो, की म्हातारा वर्षभर धडधडीत खरं बोलत होता आणि सगळा क्लब पोट धरून हसत होता.

त्या वर्षी थंडी सरली आणि काबासोला पहिला झटका आला. सराव चालला होता, साधा. अचानक छातीत काहीतरी फडफडलं, डोळ्यांपुढे करड्या माशा नाचल्या, कानात पाणी गेल्यासारखं झालं. तो बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली बसला. कोणाला कळलं नाही. आपल्याला एकोणतिसावं लागलंय, हे त्याला त्याच क्षणी आठवलं.

मग तो सारखा नाडी बांधायला बसू लागला. जिना चढताना थांबून भिंतीवरची जाहिरात वाचू लागला. जेवण उतरेना. म्वेन्या म्हणाली, "अंगात काय आहे तुमच्या? चला दवाखान्यात." तो खेकसला, "काही नाही! उन्हाने होतं." दवाखाना कशाला? कुलपाला कुठे औषध असतं? आईकडे गेला, तर आईने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि ओचा तोंडात धरून रडायला लागली. "दादा," ती म्हणाली, "तू शेवटच्या महिन्यात असाच दिसायचास." पोटच्या पोराला आई असं म्हणते! काबासो तिच्या पाया पडला आणि न जेवता निघाला.

अशात क्लबला नवा कोच मिळाला, सियामे. राजधानीतून शिकून आलेला, शिस्तीचा. त्याला हे कडेकडेने पळणं मुळीच खपेना. शेवटचा सामना पलीकडच्या खाणीशी होता. जिंकलं तर वरच्या गटात राहणार, हरलं तर खाली आणि अर्ध्या पोरांना नारळ.

"ऐक," सियामे सगळ्यांदेखत म्हणाला, "रविवारी तू मधोमध खेळणार. किक-ऑफ तू घेणार. वर्तुळातून."

"कोच, मी डावीकडून—"

"तू म्हातारीसारखा डावीकडून खेळतोस म्हणून आपण या गाळात आहोत. मधोमध, नाहीतर घरी."

घरी जाणं म्हणजे करार तुटला. आणि मधोमध जाणं म्हणजे काय, ते काबासोलाच ठाऊक. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने मान हलवली.

रविवारी खेळाडू नेहमीप्रमाणे फाटकातून न जाता मागच्या भिंतीवरून उड्या टाकून आत शिरले. फाटकात काय शिंपडलंय कोणाला माहीत! भिंत काही फार उंच नाही, पोरंसोरं चढतात. काबासो वर चढला आणि तिथेच बसून राहिला. खालून कोणी म्हणालं, "राजेसाहेब, खुर्ची आणू का?" तो हसला आणि खाली उतरला. पाय जमिनीला लागले तेव्हा समोरचं मैदान डावीकडे कललं, मग सरळ झालं.

ड्रेसिंग रूममध्ये जंतर, धूर, प्रार्थना सगळं चाललेलं. कोणी बायबल वाचतंय, कोणी बुटात मुळी घालतंय, कोणी दोन्ही करतंय. बाहेर ढोल. काबासो बाकावर पालथा पडला. मुबांगाने तेल ओतलं आणि सुरुवात केली.

"काय रे मांजरा, आज मध्यभागी म्हणे! मी फावडं आणलंय हो बरोबर."

पोरं हसली. मुबांगाचे हात पोटरीवरून पाठीवर आले, पाठीवरून मानेवर. मानेशी येऊन ते थांबले. दोन बोटं तिथे टेकली. काबासोला वाटलं म्हातारा आता चिमटा काढणार. चिमटा आला नाही. बोटं तिथेच राहिली, बराच वेळ. धावणारं, अडखळणारं, गप्प होणारं आणि पुन्हा धावणारं काहीतरी त्या बोटांखाली चाललं होतं.

"उलटा हो," मुबांगा म्हणाला. काबासो उलटा झाला. मुबांगाने त्याचा खालचा ओठ अंगठ्याने ओढून बघितला. ओठ राखेसारखा होता.

आणि मग ते झालं, जे लुआन्श्यात कोणी कधी बघितलं नव्हतं. शेळीच्या कुळातला म्हातारा बिबळ्याच्या पोरासमोर सिमेंटवर गुडघे टेकून बसला. दोन्ही तळवे पोकळ करून त्याने टाळी वाजवली, हळू, तीनदा, जशी मुखियासमोर वाजवतात. त्याची मान खाली होती.

"मालक," तो म्हणाला, "आज तुम्ही जाऊ नका."

कोणीतरी हसलं. मग ते हसू मध्येच विरलं. काबासो उठून बसला. त्याला कुलपाची भीती होती, वर्तुळाची होती, एकोणतीस या आकड्याची होती. पण आत्ता जी वाटली तशी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती. मुबांगाने त्याला आदर द्यावा? थट्टेचा माणूस मढ्यासमोरही गुडघे टेकत नाही.

"ऊठ रे बोकडा," तो म्हणाला. "नाटक बंद कर."

"मी थट्टा करत नाही. त्या अंघोळीच्या खोलीत तुमचे मामा पडले, तेव्हा त्यांच्या मानेला हे असंच लागत होतं. ओठ असेच होते. कोणाला सांगू नको म्हणून त्यांनी माझा हात धरला. मी सांगितलं नाही. मेल्यावर कुलूप निघालं, थोरल्यांनी निवाडा केला, मग मी कोण बोलणार? मी थट्टेत बोलत राहिलो, आयुष्यभर. वाटलं, कोणीतरी ऐकेल." म्हातारा रडत होता, नाक पुसायचंही भान नव्हतं. "मालक, ते आजारी होते हो. नुसते आजारी होते."

सियामे आत आला. "काय तमाशा आहे? रेफरी बोलावतोय!"

काबासो उभा राहिला. पोरांकडे बघितलं. या पोरांची भाकरी त्याच्या पायांवर होती. मग त्याने जर्सी डोक्यावरून काढली, बाकावर ठेवली आणि म्हणाला, "मी जात नाही."

त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं. बाहेर बातमी पसरायला कितीसा वेळ! सगळा स्टँड एका सुरात ओरडायला लागला, "भित्रा! भित्रा!" संघ हरला. काबासो मागच्या भिंतीपाशी जाऊन बसला, तिथे एक बाई येऊन त्याच्या पायाशी थुंकली. मुबांगा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून होता. एक टोमणा नाही, एक शिवी नाही. त्या गप्प बसण्यानेच काबासोचा जीव घाबरा होत होता.

सोमवारी दोघं मिनीबसने किट्वेच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई आमच्याकडच्याच होत्या, काबासोच्या आईच्या वयाच्या. त्यांनी छातीवर थंडगार लगदा लावला, यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघत राहिल्या. मग तोच जुना प्रश्न विचारला. घरात कोणी तरुणपणी अचानक?

"मामा," काबासो म्हणाला. "एकोणतीस वर्षांचा. उभ्या जागी."

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "हृदयाची भिंत जाड झालीय तुझी. जन्माचाच दोष आहे. मामालाही हाच असणार, आईकडून आलाय. काल खेळला असतास तर आज मी तुझ्याशी बोलत नसते. फुटबॉल संपला. गोळ्या रोज घ्यायच्या, आणि कोणी काही म्हणो, पळायचं नाही."

फुटबॉल संपला. एवढं मोठं वाक्य, पण काबासोला आधी लागलंच नाही. त्याला वाटला तो सुटकेचा नि:श्वास! मामा कुलपाने मेलाच नव्हता मग. वर्तुळात गवत होतं, नुसतं गवत, आणि त्याभोवती तो सगळं आयुष्य चकरा मारत राहिला होता. त्याला हसू यायला लागलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी त्याला हसू दिलं, रडू दिलं. मग विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी. पण तिची काळजी नाही. ती बायकोच्या कुळातली आहे, अळंबीच्या. माझं तिला काही लागत नाही."

बाईंनी लिहिणं थांबवलं. त्या त्याच मातीतल्या होत्या, तो काय म्हणतोय ते त्यांना बरोबर कळलं.

"कूळ आईकडून येतं बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा दोष आई किंवा बाप, कोणाकडूनही येतो. आला तर आला, नाही तर नाही, निम्मं निम्मं. तिला घेऊन ये. लवकर घेऊन ये."

काबासोचं हसू तोंडावरच राहिलं.

परतीच्या वाटेवर मिनीबसमध्ये तो मुबांगाशेजारी बसला. आपला जीव जाईल ही भीती त्याने बालपणापासून पोसली होती, तिची सवय झाली होती. ही नवी भीती अंगात कुठे ठेवायची ते त्याला कळेना. पोर रोज शाळेतून पळत येते. दोरीवर उड्या मारते. झाडावर चढते. परवा पोरांशी शर्यत लावून पहिली आली, तेव्हा आपणच तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर नाचलो.

बस कोपऱ्यावर थांबली. मुबांगा मागे पैसे देत राहिला, काबासो खाली उतरला. गल्लीच्या टोकाला लुकोंडे खेळत होती. तिने बापाला बघितलं, हातातलं सगळं टाकलं आणि "बाबा आले!" म्हणून किंचाळत सुसाट सुटली, जशी ती नेहमी सुटायची.

"लुकोंडे!" काबासो ओरडला. असा ओरडला की शेजारणी दारात आल्या. "थांब! पळू नको! पळायचं नाही!"

बापाचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती रस्त्याच्या मधोमध गपकन थांबली, दोन्ही पाय जुळवून. तिचा चेहरा एवढासा झाला, हनुवटी थरथरायला लागली.

"बाबा," तिने विचारलं, "मी काय केलं?"

काबासो तिथेच धुळीत बसला आणि त्याने हात पुढे केले. "चालत ये," तो म्हणाला. "हळू. शहाणी माझी." ती एकेक पाऊल टाकत आली, बापाच्या तोंडाकडे बघत, घाबरत घाबरत. काबासो तिच्या तोंडाकडे बघतच नव्हता. फ्रॉकखाली तिची छाती किती भराभर वरखाली होतेय, तेवढंच तो बघत होता.